नमुना खोलीतला पांढरा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, आणि दिसायला अगदीच साधा. दुधी काचेचे पसरट वाडगे छताला पालथे चिकटवले तर जसे दिसेल, तसा मी दिसतो. मला लोलक नाहीत, साखळी नाही, सोनेरी कड नाही. तरीही माझी हकीकत सांगायला मी मागेपुढे पाहत नाही, कारण तिच्यात माझ्याहून फार मोठ्या मनाची माणसे आहेत आणि त्यांच्याविषयी बोलायला मिळाले की माझी कळी खुलते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघालेला लालबुंद गोळा साच्यात पडला, नळीतून हवा फुंकली गेली आणि मला आकार आला. थंड होताना माझ्या कित्येक भावंडांना तडे गेले. मी टिकलो. तिथल्या एका बाईने मला उजेडासमोर धरून सगळीकडून पाहिले, कुठे बुडबुडा नाही याची खात्री केली आणि समाधानाने मान हलवली. माझे ते पहिले कौतुक. पुढे बरीच वर्षे ते शेवटचेही ठरले.

तिथून मी आलो एका बिल्डरच्या नमुना खोलीत. नमुना खोली म्हणजे काय, ते आधी सांगतो. घर अजून सळया आणि विटांमध्ये असते, तेव्हाच ते विकत घेणारी माणसे या खोलीत येतात आणि फरशी कोणती, नळ कोणता, दारे कशी, दिवे कुठले ते ठरवतात. काही वस्तू घराच्या किमतीतच मिळतात. त्यांच्याहून भारी काही हवे असेल, तर जादा पैसे मोजावे लागतात. मी किमतीतला होतो. माझ्यासाठी कोणालाही एक पैसा जादा मोजावा लागत नव्हता आणि म्हणूनच माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते.

त्या खोलीत मी काय काय पाहिले म्हणून सांगू! एक गृहस्थ चकचकीत नळ सोडून बघत. त्या नळांना पाणीच नव्हते, तरी ते सोडत आणि "वा, धार छान आहे" म्हणत. एका जोडप्याचे कपाटाच्या मुठीवरून इतके बिनसले की बाई बाहेर बाकावर जाऊन बसली आणि मूठ तशीच राहिली. माणसे माझ्याच खाली उभी राहून, माझ्याच उजेडात पलीकडच्या झुंबराकडे माना वर करून बघत. राबायचे मी आणि वाहवा झुंबराची. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू? हळूहळू माझ्यावर धूळ साचली. आत दोन-चार चिलटे शिरून मरून पडली. ती कोणी काढली नाहीत.

ती खोली सांभाळणाऱ्या बाईला सगळे नमुनाताई म्हणत. स्वभावाने चांगली होती, पण दिवसभर तेच ते बोलून तिचा घसा बसलेला असे. "आता ठरवलंत तर होईल, भिंती उभ्या राहिल्यावर होणार नाही," हे तिचे वाक्य मला तोंडपाठ झाले होते. ते वाक्य एका कुटुंबाला किती लागू पडेल, याची मात्र तिलाही कल्पना नव्हती.

एके दिवशी सकाळी हे कुटुंब आले. नवरा पाव भाजण्याच्या कारखान्यात रातपाळीला होता. रात्रभर भट्टीपाशी उभे राहायचे आणि दिवसा झोपायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवत असे. त्यांच्याबरोबर त्यांची बडबडी मुलगी होती, तिला घरात चिमणी म्हणत. आणि होती चिमणीची आजी, म्हणजे पाववाल्याची आई. आजोबा गेल्यापासून ती एकटीच राहत होती आणि आता नव्या घरात मुलाकडे राहायला येणार होती.

चष्मेवालीला लहानपणापासून ऐकू येत नव्हते. ती हातांनी बोलायची आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणे ओळखायची. हे मला लगेच कळले नाही. आधी मला एवढेच दिसले, की ही बाई दिवे बघतच नाही. ती झुंबराखाली उभी राहिली, नवऱ्याला जवळ ओढले आणि त्याला बोलायला लावले. त्याच्या चेहऱ्यावर झुंबराच्या लोलकांची नक्षी पडली होती. तिने मान हलवली आणि त्याला दुसऱ्या दिव्याखाली नेले. तो लांब दांडीचा, पिवळ्या उजेडाचा फॅशनेबल दिवा होता. त्याच्याखाली नवऱ्याच्या कपाळावर लख्ख प्रकाश आणि ओठांवर अंधार. पुन्हा मान हलली. मग ती माझ्याखाली आली.

माझा उजेड दुधी काचेतून सगळीकडे सारखा पसरतो. त्यात नवऱ्याचा चेहरा हनुवटीपर्यंत दिसला, हात दिसले, बोटे दिसली. ती माझ्याकडे पाहून हसली. आपल्यासाठी कोणी हसते आहे, हे कळायला मला अंमळ वेळच लागला. आजीला वाटले, सून काटकसरी आहे, किमतीतलाच दिवा घेते. तिने कौतुकाने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

दिवा ठरला. अडले ते भिंतीपाशी. बिल्डरच्या आराखड्यात स्वयंपाकघर बंदिस्त होते आणि ओट्यापाशी उभे राहिले की तोंड भिंतीकडे व्हायचे. पाववाल्याला स्वयंपाकघर आणि जेवणाचे टेबल यांमधली ती भिंत नको होती. ओटा फिरवून जेवणाच्या टेबलाकडे तोंड करून घ्यायचा, हे त्याने मनाशी पक्के केले होते. हे काम जादा पैशांचे होते. त्यासाठी चकचकीत फरशीच्या हौसेवर पाणी सोडायची त्याची तयारी होती. जुन्या घरात बायको ओट्याशी उभी राहिली, की तिच्या पाठीमागे सगळे बोलायचे, हसायचे, ठरवायचे, आणि तिला ते नंतर कोणीतरी थोडक्यात सांगायचे. नव्या घरातही तिने पाठमोरेच राहावे, हे त्याला सोसत नव्हते. त्याने हे सगळे तिला माझ्याखाली उभे राहून हातांनी सांगितले आणि त्याचे हात मोठे प्रेमळ होते.

ती ठाम नाही म्हणाली. ती भिंत हवीच, उलट झोपण्याच्या खोलीकडची आणखी जाड हवी. झोपण्याची मोठी खोली स्वयंपाकघराला लागून होती. त्या दोन खोल्यांमधली भिंत दुहेरी करून आत आवाज अडवणारा थर भरायचा आणि दारही वजनदार बसवायचे, हे तिला हवे होते. तेही जादा पैशांचे. दोन्ही करण्याइतकी ऐपत नव्हती आणि भिंती उभ्या राहायला आता फार दिवस उरले नव्हते.

पाववाला चक्रावला. ज्या बाईला आवाजच ऐकू येत नाही, तिला आवाज अडवणारी भिंत कशाला हवी? तिला पैशांची चिंता वाटते आहे असे समजून तो तिची समजूत घालू लागला. तिने त्याला थांबवले. नमुन्याच्या ओट्यावर शोभेची भांडी मांडलेली होती. त्यांतले एक झाकण तिने उचलले आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत खाली सोडून दिले.

खणकन आवाज झाला. पाववाला दचकला. नमुनाताईच्या हातातला कप हिंदकळला.

मग चष्मेवालीने हातांनी सांगितले, "असा चेहरा झाला की मला कळतं, मी आवाज केला."

पुढचे तिने सावकाश सांगितले. तो दिवसा झोपलेला असतो. तिला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे कुठले भांडे किती वाजते याचा अंदाज येत नाही. म्हणून ती पातेल्यांखाली फडकी घालते, कपाटे बोटाने धरून लावते आणि तो उठेपर्यंत भांडी घासतच नाही. लग्न झाल्यापासून हेच चालले आहे. नव्या घरात तिला एवढेच हवे होते, की न भिता भांडे खाली ठेवता यावे आणि त्याला पोटभर झोप मिळावी.

पाववाल्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला वाटायचे, आपले घर मुळातच शांत आहे. त्याचे हात अर्धवट वर आले आणि तसेच राहिले. मी दिवा असूनही माझ्याने बघवेना. दोघेही बरोबर होते आणि दोघांचे बरोबर एका घरात मावत नव्हते.

आजी समोरच्या नमुन्याच्या सोफ्यावर बसली होती. तिला हातांची भाषा येत नव्हती. तिच्या ओठांवरचे बोलणे सुनेला नीट कळत नसे, म्हणून सुनेशी जे बोलायचे ते ती मुलामार्फत बोलायची. तिने चिमणीला जवळ घेऊन विचारले, आई काय म्हणते? चिमणीने सगळे सांगितले, झाकणाच्या आवाजाची नक्कलही करून दाखवली. आजीने ऐकून घेतले आणि मग विचारले, की माझी खोली कुठली?

पाववाल्याने अभिमानाने सांगितले, की तुझी खोली मागच्या बाजूची, बागेकडची. सगळ्यांत शांत खोली तुझ्यासाठी ठेवली आहे.

"मला कोणी विचारलं का, शांतता हवी म्हणून?" आजी म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासून मी शांततेतच राहतेय. जेवायला बसले की माझ्याच चमच्याचा आवाज ऐकते. ती मागची खोली तुम्ही दोघं घ्या. मला ओट्याशेजारची द्या. आणि काढा ती भिंत."

"आई, दिवसभर भांडी वाजतील. तुला झोप लागायची नाही."

"दिवसा झोपायला मी काय पाव भाजते रात्री?" आजी म्हणाली. "वाजू देत. भांडी वाजली म्हणजे घरात माणूस आहे."

चिमणीने आईला हे हातांनी सांगितले. शेवटचे वाक्य तिने दोनदा सांगितले, कारण आईने पुन्हा सांग म्हणून खूण केली होती. मग चष्मेवाली आजीच्या पायाशी जाऊन बसली आणि तिने तिच्या मांडीवर डोके ठेवले. आजी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. म्हातारीला मान म्हणून सगळ्यात शांत खोली द्यायची, ही सगळ्यांचीच चूक होती आणि ती प्रेमापोटी झालेली होती. ती सुधारायला मात्र म्हातारीच लागली. मला तर तिच्यावर जीव ओवाळून टाकावासा वाटला.

एवढे झाल्यावर नमुनाताईने चाचरत सांगितले, की मी, म्हणजे हा पांढरा दिवा, आता कारखान्यातून येतच नाही. आता किमतीत चपटा दिवा मिळतो आणि त्याचा उजेड सरळ खाली टोचतो. चष्मेवालीने माझ्याकडे बोट दाखवले. हाच द्या. ताईने क्षणभर विचार केला, मग स्वतः शिडी आणली, मला उतरवले, आतली चिलटे झटकली आणि ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसले. पुन्हा लावून पाहिले तेव्हा मीच चकित झालो. माझ्यात एवढा उजेड आहे, हे मी विसरून गेलो होतो.

आता मी त्यांच्या घरी, ओटा आणि टेबल यांच्या बरोबर मध्ये, छताला आहे. भिंत नाही. फरशी साधीच आहे आणि येणारे-जाणारे तिच्याकडे बघून नाक मुरडतात, मुरडोत बापडे. दिवसा पाववाला मागच्या खोलीत गाढ झोपतो. इथे चष्मेवाली हवे तेव्हा भांडी घासते आणि आजी आपल्या खोलीचे दार सताड उघडे ठेवते.

संध्याकाळी चिमणी माझ्याखाली बसून आजीला हातांची भाषा शिकवते. आजीची बोटे आखडलेली आहेत, खुणा चुकतात, चिमणी हसते, आजी पुन्हा करते. खरे सांगायचे तर या सासू-सुनेत कधी वाद झाला नव्हता आणि नातेवाईक त्याचे फार कौतुक करायचे. वाद व्हायला आधी बोलणे व्हावे लागते, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

परवा ओट्याशी उभ्या असलेल्या चष्मेवालीला डबे जागेवर दिसले नाहीत. तिला वळायची गरजच नव्हती, टेबल समोरच होते. तिने हातांनी विचारले, "डबे कोणी हलवले?"

आजीने विणकाम बाजूला ठेवले. आखडलेल्या बोटांनी, चुकतमाकत पण अगदी ठसक्यात ती हातांनी म्हणाली, "मी. उंचावर होते."

"माझा हात पुरतो."

"माझा पुरत नाही. मीही इथेच राहते."

हात जोरात चालू लागले. काळजीने चिमणी मध्ये काही सांगायला उठली, तेव्हा दोघींनी एकाच वेळी तिच्याकडे तळहात केला. तू मध्ये पडू नकोस. आणि पुन्हा एकमेकींकडे वळून दोघी भांडू लागल्या, अगदी मनापासून.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा दिवा असेल. त्याला वरचेवर पुसत जा, त्याच्या आत धूळ साचू देऊ नका. आणि ज्याच्याशी बोलायचे असेल, त्याच्या समोर, उजेडात येऊन बसा. भांडायचे असले तरीसुद्धा.