परस्पर दिलेली माफी

हातावरची ती गोल पट्टी एका कडेने सुटली होती, आणि तिच्याखालचा निळा डाग… तेवढाच पुरावा. सुई टोचलेली आठवते. 'पोटात नळी घालायची आहे, तुम्हाला काही कळणार नाही' म्हणणारी नर्स आठवते. त्यानंतर एकदम घरचा जिना. मधले दोन तास कुणीतरी कातरून नेले होते — आणि त्या दोन तासांत ती स्वतः झोपलेलीही नव्हती म्हणे. डोळे उघडे, बोलणं स्वच्छ.

"ताईला दवाखान्यात ये म्हणून मीच कळवलं होतं," नवऱ्याने काल रात्रीच सांगून टाकलं होतं. "पण माफ तूच केलंस हं. ती रडत होती, तू तिचा हात धरलास आणि म्हणालीस, जाऊ दे ताई, झालं गेलं विसरून जाऊ. या कानांनी ऐकलंय मी."

विसरून जाऊ! नऊ वर्षं जपलेला राग. आई ताईच्या घरी पंधरा दिवस अंथरुणावर होती, धाकटीला बोलवा म्हणत होती, आणि ताईने कळवलं ते सगळं आटोपल्यावर. का, तर 'तुझी खात्याची परीक्षा होती, उगाच धावपळ नको.' तेव्हापासून एक शब्द नाही. आणि तो राग परस्पर देऊन टाकला… कोणी? मी? मी तर तिथे नव्हते.

सकाळी तिने डॉक्टरांना फोन केला होता. ते हसले. "औषधाचा गुणच तो. माणूस बोलतो, उत्तरं देतो, फक्त मेंदू ते साठवून ठेवत नाही. सगळ्यांनाच होतं." सगळ्यांनाच होतं म्हणजे काय, तिचं डोकंच फिरलं. घरी जाताना दिलेल्या कागदावर तर ठळक छापलं होतं — चोवीस तास कशावरही सही करू नये, महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत. घराच्या कागदावरची सही चालणार नाही, आणि आईच्या मरणाची माफी मात्र चालते!

दिवसभर ती कोर्टात लघुलेखन करत राहिली. बावीस वर्षं हेच काम — साक्षीदार अडखळला तरी लिहायचं, खोकला तरी लिहायचं, साहेब म्हणाले 'वाचून दाखवा' की शब्द न शब्द वाचायचा. आज एका म्हातारीची साक्ष उतरवताना पेन्सिल मधेच थांबली. जगाचं बोलणं मी टिपून ठेवलं, आणि माझं बोलणं टिपायला कुणी नव्हतं… नवरा होता. त्याला नेमका माझाच शब्द लक्षात राहिला.

संध्याकाळी दार उघडलं तर ताई ओट्याशी; नवऱ्यानेच किल्ली दिली असणार. कपाटाचं दार कुठे अडकतं हे जन्मापासून माहीत असल्यासारखी भांडी लावत होती. केस किती पांढरे झाले होते तिचे.

"आलीस? बस, चहा टाकते."

बोलायचं सगळं ठरलेलं होतं. काल मी शुद्धीत नव्हते, ते धरू नकोस, तू आपली घरी जा. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"ताई, काल तू काय म्हणालीस मला?"

ताईचा हात थांबला. "म्हणजे? ऐकलंस की सगळं. मान हलवत होतीस."

"मला आठवत नाही. काही नाही आठवत."

ताई खाली बसली, स्टुलावर, पदर हातात चुरगाळत. मग म्हणाली, "नऊ वर्षं लागली गं तेवढं बोलायला. आता पुन्हा नाही जमायचं मला."

म्हणजे 'चुकलं माझं' असं ती म्हणाली होती. याच शब्दांसाठी तर नऊ वर्षं… राग हवा होता तो यासाठीच, कधीतरी ताईने समोर बसून हे म्हणावं, आणि आपण ते नीट, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकावं. ते बोलून झालं होतं. त्या पलंगावर माझ्याच तोंडाने बोलणारी कुणी बाई ते सगळं ऐकून बसली होती, रडली असेल, हलकी झाली असेल, आणि मला काहीही न सांगता निघून गेली होती. राग आता ताईवर ठरेना. तो त्या बाईकडे धावत होता, आणि त्यात हेवाच जास्त होता… ताईने उठून चहा करून पुढे केलेला कप तिने घेतला, तेव्हाही तिला कळेना की आपण तो कोणाच्या वतीने घेतो आहोत.