कोऱ्या पाण्याचा उजेड

बाटली एक : चमकते.

भर दुपारी ज्ञानेश्वरी ओसरीवर आबांची घोंगडी डोक्यावरून पांघरून बसली होती. आत काळोख हवा होता म्हणून. बाहेर ऊन असं, की शेरडं बाभळीखालून हलायला तयार नव्हती. मांडीवर बाटली, हातात अतिनील प्रकाशाची टॉर्च. तिनं बटण दाबलं आणि फिकट चहासारखं पाणी निळं पेटलं.

हे पाणी तिनं उसाच्या भुशापासून केलं होतं. ढोकीच्या साखर कारखान्यातून पोतंभर भुसा आणला, जाळून कोळसा केला, आम्ल-पाण्यासोबत पोलादी डब्यात घट्ट कोंडला आणि धाराशिवच्या कॉलेजातल्या भट्टीत दहा तास ठेवला. मग आम्ल मारलं, पाणी शुद्ध केलं, गाळलं. उरले ते ग्राफिनचे क्वांटम डॉट. कार्बनच्या पातळ पापुद्र्याचे कण, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. जिवंत पेशीत शिरायचं आणि आतून उजेड दाखवायचा, एवढंच त्यांचं काम.

येत्या गुरुवारसाठी सोलापूरच्या चारुशीला मॅडमच्या सूक्ष्मदर्शकावर तिला दोन तास मिळाले होते. पेशी चमकल्या तर पीएचडीचं अडलेलं प्रकरण सुटणार. पुन्हा वेळ मागितली तर सहा महिने थांबावं लागलं असतं. आणि तिचे मार्गदर्शक गौरीशंकर सर तर परिषदेला शीर्षकसुद्धा पाठवून बसले होते.

बाटली दोन : कोरं पाणी. चमकते.

चमकते?

मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, "कोरं पाणीही आण. कोळसा घालू नकोस, बाकी सगळं जसंच्या तसं कर." ही तर शहाण्या माणसांची रीत. कोळसा नाही तर उजेड नाही, हे आधी दाखवायचं. ज्ञानेश्वरीनं सगळं जसंच्या तसं केलं. आणि आता घोंगडीत ते पाणी निळं पेटून तिच्याकडे बघत होतं.

पाणी. नुसतं पाणी. बाटली खराब असेल. बाटली बदलली, तरी निळं. बोअरचं पाणी जड असतं, पण हे तर कॉलेजातलं ऊर्ध्वपातित. मग टॉर्च? टॉर्चला काय होणार? मग डोळे. तिनं डोळे मिटले, उघडले. निळं. म्हणजे पहिली बाटली... नाही, पहिलीत कोळसा आहे. पण दुसरीत नाही आणि दोन्ही...

"ज्ञाने, अंडी उबवायलीस का आत बसून?" आबांनी घोंगडीचं टोक उचललं. तिच्या आजोबांचं, बब्रुवान आबांचं, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. घोंगडीत एखादं कोकरू असेल असं समजून ते गुडघ्यावर टेकून आत डोकावले.

"आबा, हलू नका!"

"इच्चू हाय का?" आबा जागीच थिजले.

"तुमचं धोतर."

आबांच्या मांडीवरचं धोतर चांदण्यासारखं निळं झालं होतं.

"आगं, कालच धुतलंय तुझ्या आयनं!"

आतून आई म्हणाली, "नव्या पावडरनं. लई पांढरं निघतंय. का, डाग हाय व्हय?"

डाग नव्हता. पांढरं दिसावं म्हणून पावडरीत असतं ते, अतिनील प्रकाशात निळं चमकणारं रसायन होतं. आणि कॉलेजातला गाळणकागद संपला तेव्हा ज्ञानेश्वरीनं दोन्ही पाणी घरी आणून गाळलं होतं. आई ताक गाळते तसं. आबांच्या धुतल्या धोतराच्या फडक्यातून, चार पदर करून.

म्हणजे उजेड धोतराचा. किंवा कणांचा. किंवा दोघांचा. किती कुणाचा?

"मला काय व्हतंय का त्यानं?" आबांनी धोतर झटकलं.

"तुमाला न्हाय, आबा."

बाटली तीन : कदाचित.

तिनं पुन्हा सगळं केलं. या वेळी फडकं नाही. पाणी दोन दिवस निवळू दिलं आणि वरचं तेवढं इंजेक्शनच्या सुईनं ओढून घेतलं. घोंगडीत टॉर्च दाबली. निळं होतं. होतं का? बघावंसं वाटत होतं म्हणून दिसत होतं? तिनं आईला आत घेतलं. आई म्हणाली, "दिसतंय बाई." तिनं रिकामी बाटली दाखवली. आई म्हणाली, "ही बी दिसतीय."

बुधवारी मॅडमनी पेशींच्या तीन बशा केल्या. पहिलीत पहिल्या बाटलीतलं पाणी, दुसरीत तिसऱ्या बाटलीतलं, तिसरीत काहीच नाही. दुसरी बाटली ज्ञानेश्वरीनं पुढं केलीच नव्हती, धोतराचंही सांगितलं नव्हतं. गुरुवारी पडद्यावर पहिली बशी आली. लखलखीत, एकेक पेशी कंदिलासारखी.

"अगं, हे तर मासिकाच्या मुखपृष्ठावर जाईल!" मॅडम म्हणाल्या. "कशी गाळलीस?"

सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं?

"धोतरातून, मॅडम," ती म्हणाली, आणि पावडरीसकट सगळं सांगून टाकलं.

मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. दुसरी बशी. अंधुक. तिसरी बशी, जिच्यात काहीच नव्हतं. तीही अंधुक.

"हिच्यात तर काही घातलंच नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"पेशींचा स्वतःचाही थोडा उजेड असतो." मॅडमनी यंत्राला मोजायला लावलं. दुसरी एकतीस, तिसरी सव्वीस.

"जास्त आहे?"

"जास्त आहे."

"म्हणजे झालं?"

"म्हणजे जास्त आहे. आणखी दहा वेळा कर, मग बोलू."

फोन वाजला. गौरीशंकर सर. "चमकलं का नाही, एवढंच सांग. फोटो पाठव, सगळे वाट बघायलेत."

पडद्यावर तिन्ही बशांची चित्रं शेजारी शेजारी होती. तिनं दुसरं पाठवलं.

"हे काय पाठवलंस? काळंच दिसतंय."

"काळंच आहे, सर," ती म्हणाली. "पण तिसऱ्यापेक्षा थोडं कमी काळं आहे. तिसरं पण पाठवू?"