धडधड

आपण आता मरतो, असं प्रेमला मेश्रामला पहिल्यांदा वाटलं तेव्हा ती विश्रांतवाडीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेली होती. गर्दी नव्हती, कुणाशी भांडण झालं नव्हतं, पोटही रिकामं नव्हतं. ऑफिस सुटलं होतं आणि घरी गेल्यावर मेथी निवडायची आहे, एवढाच विचार डोक्यात होता. एकाएकी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि बसमधली माणसं काचेपलीकडे असल्यासारखी लांब गेली. तिने शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला. बाई भली निघाली. तिने ओरडून बस थांबवली आणि रिक्षात घालून प्रेमलाला दवाखान्यात नेलं.

तिथे कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी इकोही झाली. सगळं नीट होतं.

"हार्ट उत्तम आहे, काकू. टेन्शन घेऊ नका," तरुण डॉक्टर म्हणाले.

"मी टेन्शन नव्हतं हो घेतलं. मेथीचा विचार करत होते," प्रेमला म्हणाली. तोवर डॉक्टर पुढच्या कॉटपाशी पोचले होते.

तिचे यजमान बापूराव खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. दोघं मूळची भंडाऱ्याकडची. इतक्या वर्षांत प्रेमलाची भाषा पुण्याची झाली, बापूरावांची नाही. त्यांचा थोरला भाऊ धोंडिबा अंगणात बसल्या जागी हार्टने गेला होता. बापूराव पाणी आणायला आत गेले आणि तांब्या घेऊन बाहेर आले, तेवढ्यात. तेव्हा डॉक्टर काहीही म्हणोत, आपल्या घरात दुसरं हृदय बिघडलंय हे त्यांनी मनोमन पक्कं करून टाकलं.

पुढचा झटका भाजी मंडईत आला, त्याच्या पुढचा केस धुताना. मग प्रेमला झटक्याच्या वाटेवर पहारा देऊ लागली. छाती धडधडली की झटका येतो, म्हणून छाती धडधडेल असं काही करायचं नाही. जिने बंद केले. चहा सोडला. बस पकडायला पळणं सोडलं. शेवटी बस सोडून ती रिक्षाने जाऊ लागली. एकदा ऑफिसात कुणीतरी सांगितलेल्या विनोदावर तिला हसू आवरेना, तेव्हा तिने ते घाबरून मध्येच थांबवलं. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी ती चालायची.

बापूरावांनी या कामी तिला मनापासून मदत केली. केर, फरशी, भाजी, दळण, सगळं अंगावर घेतलं. ती पाणी प्यायला उठली तरी म्हणायचे, "बस, बस. मी देतो. कशाला उठून राहिली?" प्रेमलाला बरं वाटायचं. आणि त्याच वेळी, बापूराव इतकं करतायत म्हणजे आपल्याला नक्कीच काहीतरी मोठं झालंय, असंही वाटायचं.

ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर ललिता देवधर बसायची. राहायची कोथरूडला, लग्न केलं नव्हतं, आणि दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून ती कधी काही बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वर्षभर तिने हे पाहिलं. मग एके दिवशी डबा खाताना म्हणाली, "प्रेमला, तू मरणार असतीस तर एव्हाना मेली असतीस. माझ्या भाचीची मैत्रीण समुपदेशक आहे. शनिवारी तुला तिच्याकडे नेते."

"यांना विचारते."

"विचार. नाही म्हणाले तरी शनिवारच."

समुपदेशक चैताली प्रेमलाच्या मुलीएवढी होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सगळे रिपोर्ट वाचले, प्रेमलाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलली. दुसऱ्या भेटीत तिने खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि म्हणाली, "मावशी, आता आपण जागच्या जागी पळायचं. मी थांब म्हणेपर्यंत."

प्रेमलाला वाटलं, ही मुलगी वेडी आहे. "मला काही झालं तर?"

"मी आहे ना. मीही पळते."

दोघी पळाल्या. प्रेमलाची साडी पायात येत होती, तिने ती एका हाताने वर धरली. छाती धडधडू लागली. तिने टेबलाची कड धरली.

"काय होतंय?" चैतालीने विचारलं. तिलाही धाप लागली होती.

"धडधड. खूप."

"कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? तू पळवलंस म्हणून!"

चैताली हसली आणि खाली बसली. तिने आणखी काही समजावलं नाही. प्रेमला उभी राहून छातीतले ठोके ऐकत होती. जोरात होते, पण हळूहळू आपले आपण उतरले. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा तिला त्या धडधडीचं कारण ठाऊक होतं.

मग चैताली म्हणाली की धडधडीची सवय व्हायला हवी, आणि सवय एकटीने भिंतीकडे बघत पळून होत नाही. एखादा खेळ शोधा.

खेळ म्हणजे प्रेमलाला एकच यायचा. शाळेत असताना ती रिंग खेळायची, मधे जाळी बांधून. समोरून आलेली रबरी रिंग एका हाताने झेलायची आणि धरून न ठेवता लगेच परत टाकायची. ऑफिसच्या मागच्या मैदानात बायका संध्याकाळी तेच खेळत, कारण दरवर्षी सरकारी खात्यांच्या स्पर्धा असत. कप्तान ललिता होती, दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून.

पहिल्या संध्याकाळी प्रेमला दोनचार रिंगा झेलून बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या वेळी जरा जास्त खेळली. रडलीही एकदा, पाठ फिरवून. ललिताने पाहिलं आणि म्हणाली, "रडून झालं की ये. तुझी सर्व्हिस आहे." हळूहळू प्रेमला टिकू लागली. हाताला जुनं वळण होतं, तिची रिंग डगमगत नसे, सरळ जाई. गंमत म्हणजे, खेळताना धडधड व्हायची आणि तिच्याकडे लक्ष द्यायला वेळ नसायचा.

बापूरावांना तिने सांगितलं नव्हतं. पिशवीतले कॅनव्हासचे बूट त्यांना सापडले. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि ती घरी यायची वाट पाहिली.

"हे काय चालू आहे?"

प्रेमलाने सांगितलं.

"उड्या मारून राहिली तू? या वयात, अशा तब्येतीत? उद्या मैदानात पडलीस तर मी पोरीला काय सांगू?"

"माझी तब्येत चांगली आहे, अहो. तीन डॉक्टरांनी सांगितलंय."

"धोंडिबालाही काही नव्हतं!"

प्रेमलाला राग येत नसे सहसा. त्या दिवशी आला. "भाऊजी गेले तेव्हा तुम्हाला काही करता आलं नाही," ती म्हणाली. "ते सगळं तुम्ही आता माझं करताय. मला नकोय."

बापूराव उठून बाल्कनीत गेले. पुढचे काही दिवस ते कामापुरतं बोलले. चहा मात्र दोन कप होऊ लागला, कारण प्रेमलाने तो पुन्हा सुरू केला होता. तिचा कप बापूराव तिच्यापुढे ठेवत.

स्पर्धेच्या दिवशी ते आले. तिने बोलावलं नव्हतं. मैदानाच्या कडेला, टोपी घालून, मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. समोर पाटबंधारे खात्याच्या दोन दणकट बायका होत्या. पहिला डाव प्रेमला आणि ललिताने जिंकला. दुसऱ्या डावात रिंग मैदानाबाहेर गेली, कुणीतरी आणायला गेलं, आणि त्या रिकाम्या वेळात, प्रेमला नुसती उभी असताना, झटका आला.

तिने तो लगेच ओळखला. बोटं बधिर झाली, मांडव लांब गेला. पंचांनी शिट्टी वाजवली. तिच्या हातात आलेली रिंग सुटली. पुढचीही सुटली.

ललिता जवळ आली. "आली का धडधड?"

"आली."

"बसायचंय?"

प्रेमलाला बसायचं होतं. त्याहून घरी जायचं होतं, दार लावून पडायचं होतं. "नको," ती म्हणाली. "चालू दे."

बापूराव रेषेपर्यंत आले होते. "प्रेमला, चल. रिक्षा बोलावतो."

"अहो, बाजूला व्हा. खेळ चालू आहे."

पंचांनीही त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते दोन पावलं मागे सरकले आणि तिथेच उकिडवे बसले.

प्रेमला वाईट खेळली. रिंग जाळीत जात होती, ललिता तिच्या वाटचं मैदानही धावून काढत होती आणि तोंडाने कुरकुरत होती. मग केव्हातरी प्रेमलाने एक खालची रिंग वाकून झेलली आणि समोरच्या कोपऱ्यात टाकली. गुण मिळाला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की बोटं शाबूत आहेत. झटका कधी ओसरला हे तिला सांगता आलं नसतं. तो डाव त्या हरल्या, तिसराही हरल्या.

"छान," ललिता घाम पुसत म्हणाली. "पुढच्या वर्षी निदान बायको आजारी म्हणून मैदानात नवरे येणार नाहीत, अशी व्यवस्था कर."

बापूरावांचा चेहरा उतरला होता. घरी जाताना रिक्षात ते म्हणाले, "मला नाही पाहवत."

"नका येऊ मग. पण थांबवू नका."

"पुन्हा येईल का तो?"

"येईल."

"मग?"

"मग काय, येईल आणि जाईल." ती हे खात्रीने बोलली नव्हती. पण बोलल्यावर ते तिला खोटंही वाटलं नाही.

बापूराव मैदानावर पुन्हा गेले नाहीत. प्रेमला खेळत राहिली. झटके कमी झाले, संपले नाहीत. चैताली म्हणाली, संपण्याची वाट बघू नका.

हिवाळ्यात वारज्याला बापूरावांच्या भाचीचं लग्न होतं. हॉल भरला होता, सगळे बुद्धवंदनेसाठी उभे राहिले होते. प्रेमलाच्या बोटांना मुंग्या आल्या. दार लांब होतं आणि मधे माणसंच माणसं. शेजारी उभ्या बापूरावांनी तिचा श्वास ऐकला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाहेर जायचं?" त्यांनी हलकेच विचारलं.

"नको."

ते तिच्याशेजारीच उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. वंदना संपली, वधूवरांनी हार घातले, फुलं उधळली गेली. प्रेमलानेही मूठभर फुलं उधळली, जरा उशिरा. मग बसायला सांगितलं तशी ती बसली आणि कॅमेऱ्यापुढे चुळबुळ करणाऱ्या नवऱ्या मुलाकडे पाहत राहिली.

जेवायला रांग मोठी होती. बापूराव म्हणाले, मी दोन्ही ताटं आणतो. प्रेमला म्हणाली, तुम्ही जागा धरा. आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.