नेऱ्याचे जावई

डोके ठणकत होते म्हणून मृण्मयी त्या दिवशी दुपारीच कार्यालयातून निघाली. नेऱ्यातल्या घराच्या फाटकातून तिने स्कूटर आत घेतली, जमिनीवर पाय टेकला, आणि ती जागच्या जागी थिजली. घरमालकांच्या ओसरीवर, डोक्याला कोरी टोपी, खांद्यावर टॉवेल, मांडीवर नारळ अशा थाटात अमोघ बसला होता.

आधीच्या कार्यालयातल्या ज्या सहकाऱ्यापायी तिने ती नोकरी सोडली, फोनचा क्रमांक बदलला आणि हिंजवडीची जागा टाकून या भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडले, तो हाच. नकार हा शब्द त्याने कधी ऐकून घेतलाच नव्हता.

"आलीस व्हय?" घरमालकीण रंभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लगीन झालं आन् आमास्नी एका शब्दानं सांगितलं न्हाईस! पाव्हणं किती गुणाचं हायेत गं."

"मावशी, हा माझा कुणीही नाही. याला आत कुणी घेतलं?"

"तूच न्हवं का सकाळी फोन केलास? 'मावशी, आमचं भांडण मिटलं, ह्ये येत्यात, ह्यांना किल्ली द्या,' म्हणालीस. तुझा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

आधीच्या कार्यालयातल्या सभांची ध्वनिमुद्रणे अमोघपाशी होती. तेवढ्या भांडवलावर यंत्राकडून तिच्या आवाजात हवे ते वदवून घेणे त्याला मुळीच अवघड नव्हते. रंभाबाई चहा आणायला आत वळल्या, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "गच्चीवरून काढून तू टाकलेला डोंगराचा फोटो छान होता. ॲपनं गाव लगेच ओळखलं. मावशींचा नंबर तर फाटकावरच्या 'खोली भाड्याने'च्या पाटीवरच होता."

रंभाबाईंचे यजमान कोंडाजी हातात फोन घेऊन आले. ते कित्येक वर्षे गावचे पोलीस पाटील होते. रुसून माहेरी आलेल्या लेकींची समजूत घालून त्यांना सासरी नांदायला धाडावे, यात त्यांचा हातखंडा होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

"बस पोरी. घरोघरी भांडणं व्हत्यात. ह्ये बघ, केवढं झोकात लगीन केलंय तुझ्या बापानं!"

फोनमध्ये अंतरपाट होता, हिरवा शालू होता, मुंडावळ्या होत्या. आणि कन्यादानाला तिचे वडील उभे होते. ती दहावीत असताना वाशीमला वारलेले वडील. त्यांच्या डोक्याला कधीच न आलेले पांढरे केसही यंत्राने मोठ्या विचाराने घातले होते. क्षणभर तिला त्यांच्याकडे नुसते पाहत राहावेसे वाटले, आणि त्या वाटण्याचीच तिला शिसारी आली.

"आबा, माझे वडील हयात नाहीत. हे चित्र बनवलेलं आहे. फोनवरचा आवाजही बनवलेला होता. आता कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज यंत्रातून काढता येतो."

"मेलेला माणूस फोटोत कसा यील? बापालाबी मारलंस व्हय गं, रागापायी?"

"आबा, ती रागात आहे. बोलू द्या तिला," अमोघ समजूतदारपणे म्हणाला. त्या समजूतदारपणावर रंभाबाईंचे डोळे पाणावले.

मृण्मयीने आईला फोन लावून आवाज मोठा केला. आई रडत, ओरडत सांगू लागली, की मुलीचे लग्न झालेलेच नाही, त्या माणसाला घराबाहेर काढा. कोंडाजींच्या कपाळावर प्रथमच आठी उमटली. अमोघने टोपी नीट केली.

"आबा, तीच आत्ता म्हणाली ना? आवाज कुणाचाही काढता येतो."

कोंडाजींची आठी विरली. तिनेच पुढे केलेला पुरावा तिच्याच विरुद्ध उभा राहिला होता, आणि त्यात तर्काची काही चूकही दाखवता येत नव्हती. शिवाय पाहुण्याला टोपी घालतानाचे कोंडाजींचे छायाचित्र केव्हाच भावकीच्या ग्रुपवर गेले होते आणि त्याखाली अभिनंदनांचा पाऊस पडत होता. ज्याला चारचौघांत जावयाचा मान दिला त्याला आता भामटा ठरवायचे, म्हणजे भावकीपुढे स्वतः मूर्ख ठरायचे. त्यापेक्षा भाडेकरू पोरगी खोटारडी ठरलेली परवडत होती.

"वटी भर गं हिची," कोंडाजी म्हणाले. "दिवस हाय तवर निघू द्या दोघांस्नी."

रंभाबाई खण, तांदूळ घेऊन आल्या. मृण्मयी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने पोलिसांचा एकशेबारा फिरवला. गावाचे नाव, घराची खूण, समोरच्या माणसाचे पूर्ण नाव तिने शब्द तोडून तोडून सांगितले. तिचे बोलणे संपण्याआधीच अमोघ उठला होता. "गाडी जरा सावलीत लावून येतो," असे म्हणून तो टोपी-टॉवेलासकट फाटकाबाहेर पडला. गाडीचा आवाज रस्त्याकडे दूर होत गेला. रंभाबाईंनी दिलेली तिच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याच खिशात होती.

"बघितलंत? पळाला!" तिचा आवाज चिरकला. "आता तरी पटलं?"

"काय पटायचं?" कोंडाजी कडाडले. "बायकूनं पोलीस बोलावल्यावर कुटला नवरा थांबल? माज्या दारात पोलीस आणलंस, माज्या!"

पोलीस आले तेव्हा कोंडाजींनी हात जोडून तेच सांगितले: नवरा-बायकोचे भांडण, साहेब. रंभाबाईंनी मान डोलावली. चौकीवर येऊन सविस्तर तक्रार द्या, असे सांगून पोलीस गेले. भावकीच्या ग्रुपवरचे छायाचित्र कोंडाजींनी काढले नाही.

मृण्मयी खोलीत गेली आणि हाताला येईल ते बॅगेत भरू लागली. पहिली बॅग स्कूटरवर बांधत असताना रंभाबाई जवळ आल्या. त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती.

"जातीस तर जा. पर नवा पत्ता तेवढा सांगून जा. पाव्हणं इचारत आलं, तर काय सांगू त्यांना?"