शिशाच्या भट्टीवरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा घालणारा नव्हे, धूर बाहेर फेकणारा. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात मला भट्टीच्या वर, भिंतीत बसवलं. "हा आहे म्हणून श्वास तरी घेता येतो," असं माझं कौतुक व्हायचं.

भट्टीवर शिसं ढवळायला एक धिप्पाड माणूस होता. कधी आवाज चढवायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं थंडोबा. त्याची धाकटी बहीण शेजारीच हातोड्याने बॅटऱ्या फोडायची.

पुढे पलीकडच्या वस्तीने धुराची तक्रार केली. मालकाने माझी वायरच तोडली. "धूर दिसला नाही की बोंब नाही!"

धूर आत कोंडला आणि थंडोबा बदलत गेला. पोटात कळा, झोप उडालेली, मनगटं लुळी. जेवलो की नाही, तेही आठवेना. कोणीतरी नुसतं हसलं, तर त्याने त्याचे दात पाडले.

"दारू ढोसतो," मालक म्हणाला. थंडोबा तर थेंबाला शिवत नव्हता.

एका दुपारी बहीण म्हणाली, "दादा, पळी उलटी धरलीयस."

एवढंच. त्याने ती लोखंडी पळी तिच्या कपाळात हाणली. ती कोसळली, तसा तिच्या छातीवर बसून कोपराने तिचा गळा दाबू लागला. चौघांनी त्याला ओढून काढलं. भिंतीवर रक्त उडालं होतं. तिच्याकडे बघून तोच किंचाळला, "हिला कुणी मारलं? जीव घेईन त्याचा!"

थंडोबाला तपासून डॉक्टर म्हणाले, "रक्तात शिसं भिनलंय. धुरातून नसांत, मेंदूत गेलंय."

डोक्याला पट्टी बांधून बहीण हातोडा घेऊन परतली. मालक गडबडला. "पंखा सुरू करतो, बाई!"

"म्हणजे पलीकडच्या पोरांची डोकी नासवायची?" तिने भट्टीवर घाव घातला. मालकाने तिला केसांना धरून फरफटवलं, तसे सगळे कामगार त्याच्यावर तुटून पडले. भट्टी फुटली, मालकाचा हात मोडला आणि कारखान्याला टाळं लागलं.

मित्रांनो, धूर दिसेनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो कोणाच्या छातीत गेला, ते विचारा.

माझ्या पात्यांमधून समोर त्या भावंडांची खोली दिसते. औषधांनी थंडोबाचा राग गेला. मनगटं आणि आठवण मात्र परतली नाहीत. रोज सकाळी बहीण त्याच्या शर्टाची बटणं लावते आणि तो रोज विचारतो, "कपाळाला काय लागलं गं?"

ती म्हणते, "दारावर आपटले, दादा."