काकीचं नाव

एलियाहकाकांनी लागोपाठ तीन रविवार मलिदा केला आणि तिन्ही रविवारी एकट्यानेच खाल्ला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. शुभ कामाआधी त्यांच्या घरात हा व्हायचाच. शुभ काम म्हणजे समोरच्या घरातला प्रणित त्यांची मुलाखत घ्यायला येणार होता. रोह्याच्या कॉलेजात तो शेवटच्या वर्षाला होता. 'आपल्या गावची माणसं' असा प्रकल्प होता, आणि गावात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हणून आता एकटे काकाच उरले होते. त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता.

स्वतःबद्दल सांगण्यासारखं काकांकडे काही नव्हतं. धाटावच्या कंपनीत बत्तीस वर्षं फिटर, आणि शनिवार पाळायचा म्हणून बत्तीस वर्षं जोडीदार फिटर महिपतीशी शिफ्टची अदलाबदल, एवढंच चरित्र. सांगायचं होतं ते बायकोबद्दल. तिला जाऊन वर्ष भरत आलं होतं. मुलगी नाओमी इस्रायलला. काका गेले की त्या बाईची आठवण काढणारं गावात कुणी राहणार नव्हतं. छापलेलं मात्र राहतं, असा काकांचा समज होता.

चौथ्या रविवारी पोहे भिजत घालण्याआधी त्यांनी अंगणातूनच विचारलं, "काय रे, येतोस ना आज?"

"काका, झालं की ते! कवाच जमा केलं."

"मला न विचारता?"

"तुमाला कशाला तरास!"

पोरगं समोरच वाढलं, त्याला सगळं ठाऊकच असणार, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली आणि पोहे डब्यात परत ओतले.

महिन्याभराने कॉलेजात त्या मुलाखतींच्या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. काकांना मंचावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. मग प्रकल्प घेणाऱ्या चंद्रावती मॅडमनी माईकवरून काकांचीच मुलाखत वाचायला घेतली. "माझी सहधर्मचारिणी रिबेका हिने खाडीच्या लाटांशी अतूट नाते जोडले होते. भरतीच्या वेळी ती किनाऱ्यावर उभी राहून मंजुळ स्वरात गात असे."

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ही बाई कोण, ते त्यांना कळेना. त्यांची बायको सारा. होडीत बसायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. गाण्याचं म्हणाल तर ती गायला लागली की कोंबड्या अंगण सोडून जात.

"किती जिवंत झालंय!" मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही असंच सांगितलंत ना?"

पहिल्या रांगेत प्रणित बुटाची लेस बांधत होता. त्याच्या बुटाला लेस नव्हती. शेजारी त्याची आई सगुणा, नवी साडी नेसून, जन्मात पहिल्यांदा कॉलेजात आलेली. शेवटचे चार महिने साराला आंघोळ घालणारी, वेणी घालणारी, चमच्याने पेज भरवणारी ती हीच.

"व्हय," काका म्हणाले. "शब्द न् शब्द."

टाळ्या फार झाल्या.

सगुणा रिक्षाने पुढे गेली. काकांना प्रणितने बाईकवर घेतलं. निम्म्या वाटेत त्याने आपणहून बाईक थांबवली.

"काका, सगळीच पोरं चॅटबॉटकडून लिवून घेतात. मॅडमचे प्रश्नपण तिथलेच. मी त्याला नुसतं गाव आनि समाज सांगितला. तर त्यानं विचारलं, पत्नीचं नाव काय? मला ठावंच नाय. म्हटलं, शोभंल असं घाल."

"वीस वर्षं तिच्या हातचं खाल्लंस."

"काकीच म्हनायचो ना!"

काका आठवू लागले. सगुणा तिला वयनी म्हणायची. आणि ते स्वतः? एकेचाळीस वर्षं नुसतं 'अगो'. त्या यंत्राने निदान विचारलं तरी होतं.

"उद्या मॅडमना खरं सांगून टाकतो," प्रणित म्हणाला.

"आनि वर्ष घालव! आयेनं नवी साडी कशाला नेसली होती रे तुझ्या? चल, गाडी काढ."

पुढच्या रविवारी दुपारी नाओमीचा फोन आला. प्रणितने टाकलेला प्रकाशनाचा व्हिडिओ तिकडे पोचला होता.

"पप्पा, ही रिबेका कोण?"

समोरच्या ओट्यावर सगुणा कोलंबी सोलत बसली होती.

"आईच गो तुझी," काका हळूच म्हणाले. "माहेरचं नाव."

"मला कधी बोलला नाय! बरं झालं कळलं. कबरीच्या दगडाचा मजकूर आजच पाठवायचाय, त्यात तेच नाव घालते. रिबेका एलियाह रोहेकर."

"नको!" काका उठून उभे राहिले. "सारा. दगडावर साराच घाल."

"काय? पप्पा, ऐकू येत नाय."

काका अंगणात आले. रेंज तिथेही नव्हती. ते रस्त्यावर आले.

"सारा!" ते ओरडले. "सारा गो, सारा!"

सगुणाचे हात कोलंबीत थांबले. प्रणित दारात आला. एवढ्या वर्षांत त्या आळीत हे नाव मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं.

"कळलं पप्पा, साराच," असं म्हणून नाओमीने फोन ठेवला.

काकांनी मोबाईल खिशात घातला. काम झालं होतं. तरी ते तिथेच उभे राहिले आणि रिकाम्या घराच्या दाराकडे बघत त्यांनी आणखी एकदा हाक मारली.