मोतीबिंदूचं शिबिर आणि नऊ फोटो

"माह्या वेबसाइटवर आंधळा मानूसही दोन मिनिटांत नंबर लावीन! नाही लागला तर माहं नाव बदलून टाका!"

वरवट बकालच्या ग्रामपंचायतीत नागसेन हे बोलला आणि टाळ्या पडल्या. विषय मोतीबिंदूच्या मोफत शिबिराचा होता, तेव्हा 'आंधळा' हा शब्द जरा जपून वापरायला पाहिजे होता. पण टाळ्यांच्या नादात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्याच रांगेत त्याची माय केसरबाई बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पोरगा तिला धुरकट ठिपक्यासारखा दिसत होता, पण आवाज आपल्याच पोटचा, म्हणून तिनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

नागसेन वेबसाइट बनवायचा. जळगाव जामोदला खोली करून राहायचा आणि पुण्याच्या कंपनीचं काम तिथूनच करायचा. शिबिर भरवणाऱ्या संस्थेनं त्याला नोंदणीची साइट बनवायला सांगितली. त्यानं पहिलं काम काय केलं, तर बेबीताईची वही बंद केली. बेबीताई गावची आशा सेविका. बारा वर्षं ती घरोघर फिरून, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून, नावं लिहीत आली होती.

"वही काऊन बंद करून राह्यला, भाऊ?"

"बेबीताई, वहीले सिक्युरिटी नसते."

"मंग? माही वही कोन चोरून राह्यलं?"

नागसेन हसला आणि त्यानं साइटला कुलूप ठोकलं. नंबर लावायच्या आधी नऊ फोटो येणार, त्यातले ट्रॅफिक सिग्नलचे फोटो बोटानं दाबायचे, मगच 'मी माणूस आहे' हे सिद्ध होणार. यंत्रं खोटी नावं भरतात ना! आता सातासमुद्रापलीकडचा चोर मोतीबिंदू काढून घ्यायला वरवट बकालात कशाला मरायला येईल, हा प्रश्न त्याला पडला नाही.

तसे त्याला प्रश्न पडायचे. 'आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे' अशी पाटी लावून लोकांची माहिती गोळा करायची, 'हो'चं बटण भोपळ्याएवढं आणि 'नाही'चं मोहरीएवढं ठेवायचं, हे त्याचं रोजचं काम. करता करता मधेच वाटायचं, हे आपण नेमकं कोणासाठी करून राह्यलो? पण तेवढ्यात चहा यायचा.

शिबिरासाठी चाळीस नंबर होते. दहा दिवस एकही नाव आलं नाही. 'लोकांना फुकटचंही जड जातं,' असं नागसेन मित्रांना म्हणाला. अकराव्या दिवशी एका सकाळीत चाळीसच्या चाळीस भरले! त्यानं लगेच स्टेटस ठेवलं: 'डिजिटल गाव!'

शिबिराच्या दिवशी डॉक्टर आले. दारात रांग लागली होती, पण रांगेत एकही काठी नव्हती. सगळी विशीतली पोरं, केस उभे केलेली. डॉक्टरांनी पहिल्याच्या डोळ्यात पाहिलं, दुसऱ्याच्या पाहिलं, सातव्याच्या पाहिलं.

"अरे, तुमची नजर तर घारीसारखी आहे! आलात कशाला?"

"सर, गॉगल."

कोणीतरी रील टाकली होती, 'ऑपरेशननंतर काळा गॉगल फ्री!' पोरांनी फोटोतले सिग्नल पटापट ओळखले. नजर चांगली होती ना! डॉक्टरांनी दुपारी सामान बांधलं. ऑपरेशनं शून्य. संस्थेच्या अहवालात मात्र लिहिलं गेलं, 'शंभर टक्के ऑनलाइन नोंदणी, तक्रार एकही नाही.'

नागसेन तडक घरी गेला. केसरबाई ओट्यावर बसली होती, हातात त्यानंच दिलेला मोबाईल. बाजूला बेबीताई.

"माय, तू नंबर काऊन नाही लावला?"

"लावून तर राह्यली ना बाप्पा. अकरा दिवस झाले."

"मंग मले एक फोन नव्हता का करता येत?"

"तू साऱ्या गावासमोर बोलला होता. तुह्या साइटवर तुह्याच मायले जमत नाही म्हनून सांगू? तुही इज्जत गेली असती."

"मीही बसली होती संग तीन दिवस," बेबीताई म्हणाली. "सिग्नलचा खांब एका चौकोनात, त्याचा तुकडा दुसऱ्यात. धरायचा का सोडायचा? तवर टाइम संपे. तक्रार कराले गेली, तं तिथंही पुन्हा नऊ फोटो!"

केसरबाईनं मोबाईल पोराच्या हातात दिला.

"रोज विचारे मले हा, तू मानूस आहे का, दाखव. माह्या आज्याले पानवठ्यावर जाऊन हे दाखवा लागलं होतं. मले वाटलं होतं, तो सवाल आता संपला."

नागसेननं मोबाईलकडे पाहिलं. पडद्यावर नऊ फोटो तसेच होते.

"भाऊ, तू शिकेल आहे, राग नको धरू," बेबीताई म्हणाली. "पन लंगड्याले म्हनायचं, दोनशे पायऱ्या चढून ये, मंग तुहा पाय दुरुस्त करतो. हे कोन्या गावचं शहानपन? माही वही आंधळ्याच्या घरी जाय. तुही साइट आंधळ्याले आपल्या घरी बलावते."

"छी!" नागसेन ओरडला. "कुलूप लावलं चोरासाठी, आन कोंडलं आपल्याच मानसांले!"

वाचकहो, नागसेन काही वाईट माणूस नव्हता. तुमच्याआमच्यासारखाच होता. आपण शिकलेली माणसं सोय करतो ती आपली, आणि तिला नाव देतो लोकसेवेचं. ज्याला दार बनवायचं आहे, त्यानं आधी त्या दारातून गावातला सगळ्यांत थकलेला माणूस आत येतो का, ते आपल्या डोळ्यांनी बघावं. तो अडला, तर चूक त्याची नाही, दाराची आहे!

नागसेननं त्याच संध्याकाळी साइटवरचे फोटो काढून टाकले. दुसऱ्या दिवसापासून बेबीताईची वही घेऊन तो घरोघर फिरला. अठ्ठावीस नावं निघाली. पहिलं कचरू मिस्त्रीचं. मायचं त्यानं मुद्दाम शेवटी लिहिलं, लोक म्हणायला नको की घरचं पुढं घुसवलं. बऱ्याच जणांकडे फोन नव्हता, म्हणून सगळ्यांच्या नावापुढे त्यानं स्वतःचा मोबाईल नंबर टाकला आणि पुढच्या महिन्याच्या जिल्हा शिबिरासाठी यादी साइटवर चढवली.

एका मोबाईल नंबरवर एकच पेशंट, हा नियम साइट बनवताना त्यानंच घातला होता. तो विसरला होता, साइट विसरली नव्हती. तिनं पहिलं नाव ठेवलं, बाकीची सत्तावीस रद्द केली आणि त्या जागा त्याच मिनिटाला जिल्ह्यातल्याच रोहिणखेड गावाच्या वेटिंग लिस्टला देऊन टाकल्या. शिबिरात वरवट बकालचं एकच ऑपरेशन झालं, कचरू मिस्त्रीचं.